रायभानचं गाळणं

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात रायभान नावाचा म्हातारा कोष्टी राहत होता. गावाला पाणी नदीचंच, आणि तेही गढूळ. पोरांची पोटं सारखी बिघडायची. म्हणून नदीचं पाणी ज्यात साठवायचे, त्या गावच्या हौदावर ताणायला रायभाननं दाट विणीचं एक गाळणं विणून दिलं. पाणी काचेसारखं नितळ पडू लागलं. गावानं त्याचं फार कौतुक केलं.

पण चार दिवसांत गाळण्यावर बुळबुळीत थर धरला आणि पाण्याची धार करंगळीएवढी झाली. हौदाची देखभाल करणारी गिरजाबाई ते रोज धुवायची. घासून घासून ते फाटलं. रायभाननं दुसरं विणलं, आणखी दाट. ते दोन दिवसांतच तुंबलं. मग तिसरं विणायला घेतलं. त्याचे खांदे भरून यायचे, डोळे चुरचुरायचे, तरी तो मागावर बसायचा.

एकदा गिरजाबाई म्हणाली, "दादा, वीण दाट आहे, पण सुताला लव फार. गाळ त्या लवेला चिकटून बसतो. धुताना हाताला कळतं."

"पन्नास वर्षं सूत हाताळतोय मी," रायभान म्हणाला. "तू आपलं धुवायचं बघ."

ती पुन्हा गाळणं घासायला गेली.

हौदापाशी ताटकळून बायका थकल्या. एकेक जण थेट नदीवरून घागर भरून नेऊ लागली. पंधरवड्यात घराघरांत माणसं जुलाबानं आडवी झाली. गिरजाबाईची सून त्यातच गेली.

गिरजाबाई सुतकात घरी बसली, आणि गाळणं धुवायला कोणी उरलं नाही. रायभान स्वतः हौदावर गेला. दुपारभर त्यानं तिसरं गाळणं घासलं. बोटं सोलवटली, पण थर काही निघेना. त्यानं कापड उन्हात धरलं. सुताच्या बारीक लवेत गाळ गुंतून बसलेला त्याला स्पष्ट दिसला.

संध्याकाळी तो गिरजाबाईच्या दारी गेला. "तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "आता विणा."

त्यानं घट्ट पिळाचं, गुळगुळीत रेशीम घेतलं. रेशमाचं पहिलं गाळणं सैल झालं, ते उसवून पुन्हा विणलं. गिरजाबाईच्या सांगण्यावरून ते सपाट न ताणता उतरतं ताणलं, म्हणजे वरून वाहणारं पाणीच गाळ खाली ढकलत नेईल. गाळ अजूनही धरायचा, पण दोन बादल्या पाणी मारलं की सुटून जायचा. बायका नदीवर जायच्या थांबल्या.

गावानं रायभानला शेला द्यायचं ठरवलं. तो नको म्हणाला. "खोट गिरजाबाईनं ओळखली होती. मी तेव्हाच ऐकलं असतं, तर तिची सून आज पाण्याला आली असती."

तात्पर्य: कामातली खोट ती रोज निस्तरणाऱ्याला आधी कळते. आपल्या कसबाच्या गर्वापायी त्याचं ऐकलं नाही, तर त्याची झळ भलत्यालाच बसते.