हिरव्या तामड्यातले सोनेरी तंतू

समुद्रकाठच्या एका संस्थानात कनकाबाई नावाच्या रत्नपारखी होत्या. तामडा हे रत्न एरवी लाल, हिरवं क्वचितच सापडतं. राजकन्येच्या कंठ्यासाठी असे दोन हिरवे खडे दरबारात आले. त्यातला एक खुद्द दिवाणांनी आणलेला.

कनकाबाईंनी दोन्ही खडे उन्हात धरले. दिवाणांचा खडा आतून अगदी नितळ होता. दुसऱ्याच्या पोटात मात्र बारीक सोनेरी तंतू होते, जणू हिरव्या पाण्यात कुणी केस मोकळे सोडले होते. बघता बघता त्या क्षणभर हरवूनच गेल्या.

“हा खरा,” त्या हळूच म्हणाल्या. “दिवाणसाहेबांचा खडा म्हणजे काच आहे.”

दिवाण उसळले, “डागाळलेला खरा आणि निष्कलंक खोटा? बाई, पटवून द्या, नाहीतर उद्यापासून दरबाराची पायरी चढू नका!”

कनकाबाईंनी राजेसाहेबांच्या गादीच्या वर टांगलेल्या चांदीच्या चंद्राकडे बोट दाखवलं. “या चंद्रावर एकही डाग नाही, साहेब. पण समुद्राला भरती येते ती डाग असलेल्या चंद्रामुळे.”

राजेसाहेब खळखळून हसले. त्यांनी खडे एकमेकांवर घासले, तर ओरखडा उठला तो दिवाणांच्या खड्यावर. कंठ्यात तंतूंचा तामडा बसला, आणि दिवाण पुढे कित्येक दिवस मान वर करून बघायचं टाळत राहिले.