खिडकीतला हात

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की वाटेवर पाऊल टाकलं तर चटका बसावा. पान हलत नव्हतं. गावाच्या कडेला एका उंबराखाली तेवढी सावली होती, आणि त्या सावलीत धाकलू तोंड लपवून बसला होता.

धाकलू म्हणजे गावातला सगळ्यात देखणा गडी. रुंद छाती, काळेभोर केस, हसला की दात कसे चमकायचे! जत्रेत साळूनं त्याला पाहिलं आणि बापाला सांगून टाकलं, "करीन तर ह्यालाच." झालं लग्न. वर्षभरात लेकरूही झालं.

त्या गावात एक रीत होती. बाळंतिणीनं सव्वा महिना खोपीत राहायचं. दाराला ताटी लावायची, वीतभर खिडकी तेवढी उघडी. त्या खिडकीतून नवऱ्यानं रोज आपल्या हातानं तिला घास द्यायचा.

एके दिवशी धाकलू साळूसाठी मध काढायला गेला आणि कड्यावरून घसरला. गाल फाटला, पुढचे दोन दात पडले. ओढ्याच्या पाण्यात त्यानं तोंड पाहिलं आणि स्वतःच दचकला.

"रूप बघून भाळली ती. आता काय बघणार?"

त्या दिवसापासून तो खिडकीत वाडगा ठेवी, ताटीवर टकटक करी आणि पळ काढी. साळूनं दोन दिवस हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी वाडगा तसाच भरलेला राहिला. चौथ्या दिवशी तिचं दूध आटलं. बाळ रडून रडून दमलं, आवाजसुद्धा बारीक झाला त्याचा.

त्या तापल्या दिवशी धाकलू ज्या उंबराखाली बसला होता, त्याच उंबराच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवत बसली होती. ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं, चोचीपुरती फट. नर दिवसभर फळं आणून तिला भरवत होता.

"काय रे शेजाऱ्या," धनेश म्हणाला, "पोर रडतंय आणि तू इथं?"

"हे तोंड तिला कसं दाखवू?"

"माझी शेपटी बघ. झडून केरसुणी झालीय. होळीआधी काय डौल होता! त्यावरच भाळली ही."

आतून मादी म्हणाली, "बडाई पुरे. उंबर आणा."

धनेश हसला. "हरणाचं पाडस जन्मल्या दिवशी उभं राहतं. अंड्यातून निघतील ती माझी पिल्लं नि तुमचं लेकरू, दोन्ही दुबळी. कितीतरी दिवस घास भरवावा लागतो, एकट्या आईला तो भार झेपत नाही. म्हणूनच आपल्यात नवरा-बायकोला एकमेकांची ओढ लागते, गड्या. जा, ऊठ."

धाकलू उठला. घास घेऊन त्यानं खिडकीतून हात आत घातला. साळूनं मनगट घट्ट धरलं.

"दोन दात गेले गं, साळू. गालही फाटला."

"मग भात मऊ शिजवून खा. मला वाटलं, तूच गेलास नि दुसरंच कुणी वाडगा ठेवतंय!" ती रडता रडता हसली आणि तो घास तिनं खाल्ला.

दोन दिवसांत दूध आलं, बाळ बाळसं धरू लागलं. धाकलूनं खोपीची खिडकी तोंड मावेल एवढी मोठी केली. पुढे गावातल्या सगळ्याच खोपींना तशी खिडकी झाली.

ती खिडकी बघून धनेश त्याला म्हणाला, "रूप दोघांना जवळ आणतं, शेजाऱ्या, पण दोघांना धरून ठेवतो तो घास भरवणारा हात."