गोठ्यापुढची फळी

फार पूर्वी कोकणातल्या एका गावात एक खोत राहत होता. त्याच्याकडे सगळं होतं, एक झोपाळा तेवढा नव्हता. पंधरा दिवसांनी लेकीला पाहायला मोठ्या घरची माणसं यायची होती. झोपाळ्याशिवाय सोयरीक जुळायची नाही, असं खोतानं डोक्यात घेतलं.

त्यानं सुताराला बोलावलं. सुतारानं अंगणभर फिरून गोठ्यापुढच्या ओहोळावर टाकलेल्या फळीवर बोटानं टकटक केलं.

"मालक, ही जुन्या सागाची. वीस पावसाळे नि वीस उन्हाळे खाऊन मुरलीय. आता वाकायची नाही. हीच घ्या."

खोत उखडला. "अरे, जिच्यावरून रोज म्हशी जातात, तिच्यावर व्याही बसवू?"

"म्हशींखाली टिकली मालक, व्याह्यांखालीही टिकेल."

लेकीनंही सुताराचीच बाजू घेतली. पण ऐकेल तो खोत कसला! त्यानं त्याच आठवड्यात पाडलेल्या आंब्याची फळी आणली. दिसायला गोरीगोमटी, गुळगुळीत. "ओली आहे, वर्षभर सुकू द्या," असं सांगून सुतार थकला आणि शेवटी त्यानं ती पितळी कड्यांना टांगली.

फळी सुकू लागली तशी पीळ खाऊ लागली. पाहुणे आले त्या दिवशी तिचा एक कोपरा वर, तर दुसरा खाली. खोतानं वर जाड चादर अंथरली आणि पाहुण्यांना आग्रहानं बसवलं. पहिल्याच झोक्याला मुलाची आई सरकत सरकत मुलाच्या वडिलांच्या अंगावर आली, आणि वडील हातातल्या पोह्यांसकट जमिनीवर.

"मुलगी दाखवायला बोलावलंत की कंबर मोडायला?" म्हणत ते लंगडत बाहेर पडले. खोताच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या हट्टापायी लेकीचं लग्न मोडलं, म्हणून त्याला रडूच यायला लागलं.

मुलाचे वडील कसेबसे ओहोळापर्यंत गेले आणि कंबर धरून तिथल्या फळीवर टेकले. फळी जराही हलली नाही. त्यांनी तिच्यावर टकटक केलं.

"असा साग दारात असताना आम्हाला त्या घसरगुंडीवर का बसवलंत?"

खोत नि लेक मागोमाग धावत आले होते. लेकच म्हणाली, "काका, यावरून म्हशी जातात. बाबांना लाज वाटली."

पाहुणे खो खो हसत सुटले. "खरं बोलणारी सून मिळत असेल, तर कंबर दुखली तरी चालेल!"

सोयरीक जुळली. सुतारानं जुन्या फळीला रंधा मारून ती झोपाळ्याला लावली आणि आंब्याची ओहोळावर टाकली.

संध्याकाळी म्हैस चरून परतली. तिनं नव्या फळीवर एक पाय ठेवून पाहिला, खोताकडे एकदा बघितलं आणि सरळ पाण्यात उतरून पलीकडे गेली.

तात्पर्य: ज्याच्यावर भार टाकायचा, त्याचं रूप पाहू नये, त्यानं आजवर काय सोसलं ते पाहावं. एवढं तर म्हशीलाही कळतं.