कस्तुरीची करामत

झाडंही गप्पा मारत त्या काळातली गोष्ट. वाघोबा चिखलात आपटले आणि दोन ससुले फिदीफिदी हसले. वाघोबांनी त्यांना बांबूच्या पिंजऱ्यात कोंडलं, दाराशी तरसाचा पहारा बसवला आणि सांगितलं, "संध्याकाळी यांनाच खाईन!"

सशांचा दोस्त काटू, नुकतंच वयात आलेलं साळिंदर, म्हणाला, "बांबू मी कुरतडीन. पण तरसाचं काय?" त्याने कस्तुरी चिचुंद्रीकडे पाहिलं.

ती लाजली. "मला काय येतं? मला तर सगळे म्हणतात, लांब बस."

"मग तरसालाही लांबच बसवायचंय की!"

कस्तुरीला हसूच फुटलं. ती ठुमकत गेली आणि थेट तरसाच्या नाकाखाली जाऊन बसली. "तरसमामा, घटकाभर गप्पा मारू या?"

सडकं मांस चवीने खाणारा तरस, पण त्याचेही डोळे पांढरे झाले. "अगं आई गं!" करत तो नदीत उडी मारायला पळाला. तेवढ्यात काटूने कराकरा बांबू कुरतडले.

दोन्ही ससे नाक दाबूनच बाहेर पडले. कस्तुरीने मान खाली घातली आणि नेहमीसारखी लांब सरकू लागली.

पण कडकडून मिठी मारायची तर दोन्ही हात लागतात. सशांनी नाकं सोडली.