येतो म्हणणारा राजा

एका राज्यात शृंगधर नावाचा राजा होता. मनाने चांगला, पण उतावळा असा, की समोरच्याचे वाक्य संपायच्या आत याचे उत्तर तयार. एकदा तो राणी कमळजेसह सासुरवाडीला गेला आणि तिथे एका मांत्रिकाचा मंत्र त्याने तीनदा मधेच तोडला. मांत्रिक संतापला. आता, प्रत्येक माणसाच्या डोक्यात एक कारभारी असतो. काय करावे, काय आवरावे, हे तो पाहतो. मांत्रिकाने राजाचा कारभारी अलगद बाहेर काढला, त्याची मैना केली आणि अंगणातल्या चाफ्यावर बसवली.

तेव्हापासून राजाची जीभ बोलेल तेच पाय करू लागले. निघताना तो उंबऱ्यावर म्हणाला, "येतो." पाय वळले, आत आले आणि थेट पाटाशी थांबले.

तीन महिने हेच चालले. "जातो" म्हणावे, तर सासूबाई कानांवर हात ठेवीत. "जावईबापू, असले अभद्र बोलू नये!" न सांगता निघावे, तर सासरचा अपमान. कोठारातले तांदूळ तळाला गेले. त्यात सांगावा आला, पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत राजा न परतल्यास सिंहासन आतेभावाचे.

राणी रडली, मग पदर खोचून चाफ्याखाली गेली.

"मैनाताई, परत चला."

"त्या डोक्यात? तिथे माझे ऐकत कोण होते? राजांनी तीन कामे करावीत, मग पाहू."

पहिले काम, मैना सांगेपर्यंत गरम जिलबीला हात लावायचा नाही. राजाने सहा ताटे फस्त केली. सातव्या वेळी तो स्वतःच्या हातांवर बसला, तेव्हा जमले.

दुसरे काम, घरभर गलका चालू असताना एक शब्द दिवसभर ध्यानात ठेवायचा. राजा "पडवळ, पडवळ" पुटपुटत बसला. पडवळाचे काय करावे हे पायांना कळेना, म्हणून ते गप्प राहिले.

तिसरे काम, येतो म्हणायचे आणि जायचे.

पौर्णिमेची सकाळ. राजा उंबऱ्यावर घामाघूम.

"येतो."

पाय वळू लागले. राजाने दात आवळले आणि घरी जायचे आहे एवढेच, पडवळासारखे, घट्ट धरून ठेवले. डोक्यात कुणीतरी म्हणाले, "थांब." चाफ्यावर मैना नव्हती. पाय थांबले, फिरले आणि बाहेर पडले.

राणीला आनंदाने रडू फुटले. इतक्यात सासूबाई सवयीने म्हणून गेल्या, "या हं पुन्हा!"

उत्तरादाखल "येतो" राजाच्या अगदी जिभेवर आले. राजा अडखळला, हसला आणि चालत राहिला. मावळतीआधी तो सिंहासनावर बसला, आणि प्रधानजींचे वाक्य पुरते ऐकून मगच बोलला.

इकडे सासूबाईंनी रथ दिसेनासा होईपर्यंत डोळे टिपले. मग आत येऊन दाराला कडी घातली.