गवराबाईचा वाटा

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांचे पणजोबा अंगणात रांगत होते तेव्हाची ही गोष्ट. मोरवंड गावात मळाई देवीची बाग होती आणि ती गवराबाई माळणीच्या हाती होती.

देवाचं फूल हुंगायचं नाही, हुंगलं की ते उष्टं होतं, हे तुम्हालाही घरी कोणीतरी दटावून सांगितलंच असेल. गवराबाईचा नेम त्याहून कडक. ती नाकावर पदर बांधूनच फुलं तोडायची, तशीच हार ओवायची आणि स्वतःच्या हातानं देवीला घालायची. हार घालायचा मान तिचा होता. तिला मूल ना बाळ. त्या एका हारासाठी ती सकाळी उठायची. अशी चाळीस वर्षं गेली आणि मोगऱ्याचा वास कसा असतो ते ती पार विसरून गेली, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात नदीचं पाणी आठ दिवस बागेत उभं राहिलं आणि जुनी झाडं कुजून गेली. गवराबाई गावोगाव हिंडून नवी झाडं घेऊन आली. निवडणार कशावरून? डोळ्यांवरून. तिनं वाटीएवढे लालभडक गुलाब आणले, कण्हेर आणली, जास्वंद आणली. माघी पौर्णिमेच्या उत्सवाला देवी फुलांत बुडाली. बघणारे बघतच राहिले.

तेवढ्यात नव्वदीची सारजाबाई काठी टेकत गाभाऱ्याशी आली. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिनं हात जोडले, नाकानं वास शोधला आणि म्हणाली, "गवरे, आज देवीला फुलं न्हाईत व्हय गं?"

लोक हसले. गवराबाईच्या काळजात मात्र चर्र झालं. मळाईची मूर्ती म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा, नुसता गोल दगड. त्याला डोळे कुठे होते? आणि या फुलांना वास कुठे होता? म्हणजे देवीलाही आज फुलं मिळालीच नव्हती.

ती तडक पुजाऱ्याकडे गेली. "गुरवबाबा, म्या आता हुंगूनच झाडं निवडनार."

"मग हार तुझ्या हातचा चालायचा न्हाई, गवरे. इचार कर."

"नगं चालू दे," ती म्हणाली, "पर तिला वास मिळू दे."

पदर सोडून ती निघाली. शेजारच्या गावात कुणाच्या तरी परसात तिनं पहिला गुलाब हुंगला आणि तिथंच बांधावर बसून ती रडली, असं म्हणतात. मग डोळे पुसून कामाला लागली. एकेक फूल ती तीनदा हुंगायची, पहाटे, ऊन चढल्यावर आणि सांजेला. सकाळी घमघमणारे आणि दुपारी मुके होणारे गुलाब तिनं तिथंच सोडले. तिन्ही वेळा जो बोलला, त्याचीच फांदी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली. दिसायला हे गुलाब फिकट, चेमटलेले, अंगभर काटे. पाहुण्यापुढे ठेवायला लाज वाटावी असे. पण नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ना, हे त्याच्या उलटं होतं. सोबत तिनं मोगरा आणला, जाई आणली, दवणाही आणला.

पुढच्या माघात बाग फुलली आणि वास नदीपलीकडे गेला. धुक्यात वाट चुकलेले गाडीवान नुसत्या वासाच्या मागानं गावात पोचायचे. देवळात मधमाश्या इतक्या, की घंटा न हलवता गुणगुणायची. सारजाबाई काठी घरी ठेवून, कोणाचा हात न धरता देवळात आली, असं म्हणतात.

गवराबाई मात्र बाहेर पायरीवर बसली होती. हुंगून निवडलेल्या झाडांची फुलं देवीला चालतील का, म्हणून गुरवबाबांनी कौल लावला. तांदळ्यावर एक गुलाब चिकटवला. उजवीकडे पडला तर होकार, डावीकडे पडला तर नकार. फूल पडेचना. दिवस मावळला, दुसरा गेला, तिसरा गेला. फूल पडलं नाही आणि सुकलंही नाही.

शेवटी सारजाबाईच चिडली. "आरं, तिला आत बोलवा की! देवी कवाधरनं वाट बघतीया."

गवराबाई बिचकत आत आली. ती नमस्काराला वाकली आणि फूल उजवीकडे नाही, डावीकडे नाही, नीट तिच्या पदरात पडलं. गुरवबाबांनी हार तिच्या हातात दिला. पुढं मरेपर्यंत तो मान तिचाच राहिला.

आजही मोरवंडात नवं झाड लावायचं, तर त्याचं फूल आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या नाकाशी धरतात. ती हो म्हणाली तरच खड्डा खणतात. आणि माघी पौर्णिमेला सासुरवाशिणीपासून पाटलापर्यंत जो तो आपलं फूल पोटभर हुंगतो, मगच देवीला वाहतो. परगावचा पाहुणा हबकून म्हणतो, "अहो, उष्टं झालं की!"

तेव्हा शेजारी जो उभा असेल तो सांगतो, "उष्टं न्हाई, पाव्हणं. गवराबाईचा वाटा काढलाय."