खारीचे शीड आणि खेकड्याची नांगी

एका खाडीकाठच्या रानात एक खार राहत असे. तिची म्हातारी आई समोरच्या बेटावर राहायची. बेटावर झाड म्हणून एकच, आणि त्याची लांब फांदी इकडच्या काठाला टेकलेली. त्या फांदीवरून मायलेकींची ये-जा चाले. एका वादळात ते झाड उन्मळून वाहून गेले. आई उघड्या खडकावर अडकली, आणि येत्या अमावास्येच्या उधाणात तो खडकही बुडणार होता. एवढी खाडी पोहून जाणे खारीच्या आवाक्यातले नव्हते. "तरी मी आईला आणणारच," ती म्हणाली आणि रडत न बसता कामाला लागली.

नारळाच्या फुलोऱ्यावरून गळालेल्या खोलगट पोयीची होडी झाली, बांबूच्या काडीची डोलकाठी झाली, केळीच्या सोपटाचे धागे विणून शीडही झाले. अडले ते शिडाच्या खालच्या आडव्या काठीपाशी. ती डोलकाठीला घट्ट बांधावी, की वेताच्या कडीत अडकवून वर-खाली सरकती ठेवावी? तेवढ्यात एक खेकडा होडीत येऊन बसला. त्याला कुणी बोलावले नव्हते, पण सल्ला द्यायला बोलावणे कशाला लागते! "घट्ट बांध, पोरी," तो म्हणाला. "सरकणं म्हणजे नांगी टाकणं. आमच्या घराण्यात आजवर कुणी नांगी टाकलेली नाही!"

खारीने काठी घट्ट बांधली आणि काठाकाठाने होडी चालवून पाहिली. पाण्याने शिडाचे धागे भिजले, ताणले, आणि शीड झोळीसारखे लोंबू लागले. त्या झोळीत वारा भरला आणि होडी उलटली. चिखलाने माखलेली खार काठावर बसली. तिला फार वाईट वाटले, पण निश्चय काही हलला नाही. समोर खारफुटीच्या खोडावर एक गोगलगाय होती. भरतीचे पाणी चढेल तशी ती वर सरकत होती. "ही जागा सोडते, पण झाड सोडत नाही!" असे स्वतःशी म्हणत खार उठलीच. तिने बांधलेली गाठ कुरतडली, वेताची कडी बसवली आणि काठी खाली ओढून धरायला कडीला एक दोरी लावली.

खेकड्याला हे मुळीच पटले नाही. "मीही येतो. तुझी काठी मी धरतो," असे म्हणत त्याने कडीच्या खालीच डोलकाठीला नांगी आवळली. खाडीच्या मध्यावर वारा वाढला. शीड पुन्हा ढिले पडून फुगले, होडी एका अंगावर झुकली. "खेकडेमामा, सोडा! काठी खाली घ्यायची आहे!" खार ओरडली. "प्राण गेला तरी सोडणार नाही!" "तुमचा हट्ट, आणि प्राण जाईल माझ्या आईचा!" असे म्हणून खारीने अंगातले सगळे बळ लावून दोरी ओढली. कट्टकन आवाज झाला. काठी खाली सरकली, शीड ताठ झाले, होडी सावरली आणि सरळ बेटाकडे निघाली. खेकड्याची नांगी मात्र तुटून होडीच्या तळाशी पडली.

आई पाण्याच्या काठाशीच उभी होती. लेकीने तिला होडीत घेतले तेव्हा दोघींच्या डोळ्यांना धार लागली. मग आईचे लक्ष खाली गेले. "अगो बाई, ही नांगी कुणी टाकली?" खेकडा लाजून चूर झाला. खारीला हसू आले, पण तिने दोरीचे टोक त्याच्यापुढे धरले. "मामा, नवी नांगी येईल तुम्हाला. तोवर उरलेल्या नांगीने ही दोरी धरा. काठी कुठे थांबवायची ते मी सांगेन, पण दोरी मात्र सुटू द्यायची नाही." काठ लागेपर्यंत खेकड्याने ती सोडली नाही.

तात्पर्य : निश्चय घट्ट धरावा, जागा घट्ट धरून बसू नये.